‘न्हवते’ नव्हे, ‘नव्हते’

संपादकांच्या पंचाहत्तरीचा केक कापून झाला, तोंडं गोड झाली आणि कुणी चहाचं नाव काढायच्या आत त्यांनी घसा खाकरला. त्यांनी घसा खाकरला की या घरातली माणसं मनातल्या मनात आपापल्या चपला शोधू लागत.

“आज सगळे आयते जमलेत,” ते म्हणाले, “तर एका प्रश्नाचा निकाल लावून टाकू. माणसाला ब्लॉक करणं ही सेन्सॉरशिप आहे की नाही?”

थोरल्या मुलानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं. मामांनी, म्हणजे संपादकांच्या दिवंगत पत्नीच्या धाकट्या भावानं, बशीतलं उरलंसुरलं क्रीम फार मन लावून गोळा करायला घेतलं. आणि हा सगळा प्रश्न जिच्यामुळे उभा राहिला होता ती धाकटी मुलगी खिडकीपाशी पाठमोरी उभी होती, ती तशीच राहिली.

सकाळच्या गाडीनं ती आली होती. दुसऱ्या शहरात चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणं हा तिचा धंदा. म्हणजे बापाचाच धंदा थोडा सरकवून घेतलेला. दारात पाऊल टाकल्यापासून बापलेकीत ‘कशी आहेस’, ‘बरी’, ‘गोळ्या घेता ना’, ‘घेतो’ एवढीच देवाणघेवाण झाली होती, आणि तीही चपला काढता काढता.

आता संपादकांविषयी खरं सांगायचं तर ते कधीच संपादक नव्हते. जन्मभर एका दैनिकात उपसंपादक होते आणि दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढत होते. ‘संपादक’ हे नाव बायकोनं ठेवलेलं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं फ्रिजवर ‘दुध आणा’ अशी चिठ्ठी चिकटवली. यांनी पेन काढून उकार दीर्घ केला आणि दूध आणलंच नाही. ती बाई हसली, म्हणून संसार झाला. ती होती तोवर ही खोड घरातल्या घरात, फार तर घरच्या ग्रुपवर, जिरत होती. ती गेली आणि दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये दुरुस्त करायला काही उरलं नाही. घरातल्या भिंती उत्तर देत नसत, म्हणून ते फेसबुकवर लोकांच्या भिंतींवर जाऊ लागले.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. कुणाच्या साखरपुड्याखाली वेलांटी, कुणाच्या नव्या गाडीखाली अनुस्वार. मग हळूहळू लोक उत्तरं द्यायचे थांबले. संपादकांना वाटलं, लोक सुधारले.

आणि मग आईला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी धाकटीनं आपल्या पानावर दोन ओळी लिहिल्या. ‘आई गेली तेव्हा मी तिथे न्हवते. अजूनही मी प्रवासातच आहे असं वाटतं.’ खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं, हात जोडले होते, स्वतःच्या आयांची आठवण काढली होती. त्या सगळ्यांच्या मध्ये जन्मदात्या बापानं लिहिलं: ‘न्हवते’ नव्हे, ‘नव्हते’.

त्याच संध्याकाळी धाकटीनं त्यांना ब्लॉक केलं, आणि त्याला आता काही महिने उलटून गेले होते.

“बाबा, सेन्सॉरशिप सरकार करतं,” सूनबाई म्हणाली. ती वकील होती आणि आज सुट्टीवर होती, पण प्रश्न समोर आला की तिला राहवत नसे. “ज्याच्या हातात सत्ता असते तो करतो. हिच्या हातात कसली सत्ता? तिनं आपल्या घराचं दार लावलं, एवढंच. तुम्हाला बाहेर रस्त्यावर उभं राहून बोलायला कुणी अडवलंय?”

“रस्त्यावर उभं राहून बोलू?” संपादक म्हणाले. “मुलीशी?”

वकिलीणबाई उरलेला केक खोक्यात भरू लागल्या.

“आमच्या कचेरीत एके काळी सरकारी माणूस येऊन बसायचा—” संपादकांनी सूर लावला.

“लाल पेन्सिल घेऊन,” थोरला म्हणाला.

“आणि आमच्याच पैशांची बिस्किटं खायचा,” सूनबाई म्हणाली.

“करा, थट्टा करा. पण तो माणूस निदान समोर बसायचा. काय कापलं ते दाखवायचा. त्याच्याशी भांडता यायचं. इथं मी एक दिवस बघतो तर मुलगीच नाही! नाव टाकलं, नाही. फोटो नाही. तिच्या आईबरोबरचे फोटो, तेही नाहीत. जणू हे पोर कधी जन्मलंच नव्हतं.”

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज थोडा घसरला. त्यांनी तो चष्मा पुसण्यात लपवला. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते त्या पानावर जात. दुकानाबाहेरचं मांजर, तिनं स्वतः रंगवलेली खुर्ची, डब्यात काय नेलं, केस कापले. हे सगळं ती जगाला सांगायची, त्यांना नाही. पण जगात तेही धरले जात होते. ते पान गेल्यापासून संध्याकाळचा चहा पिववत नव्हता, हे मात्र त्यांनी भाषणात घेतलं नाही.

“भाऊजींचं चुकत नाही हां,” मामा हळहळले. “परक्याला ब्लॉक करावं. घरच्या माणसाला असं करू नये.”

“मामा,” सूनबाई म्हणाली, “तुमच्या लिफ्ट कंपनीच्या जाहिरातीखाली बाबांनी काय लिहिलं होतं, आठवतं ना?”

मामांना आठवलं. ‘आमच्या लिफ्टमध्ये अडकल्यास घाबरू नका’ अशी ती जाहिरात होती, आणि खाली मेव्हण्यांनी लिहिलं होतं की या वाक्यातून लिफ्ट अडकते असा अर्थ निघतो, तरी सुज्ञांनी जिना वापरावा.

“ते मात्र जरा...” मामा म्हणाले. “तेव्हा ब्लॉक करायलाच हवं होतं खरं म्हणजे.” वारा येईल तशी पाठ द्यावी, हे मामा लिफ्टच्या धंद्यात शिकले होते.

संपादक थोरल्याकडे वळले. हा त्यांचा हुकमी माणूस. दर आठवड्याला येऊन जायचा, डॉक्टरकडे न्यायचा, कधी उलट बोलायचा नाही. “तू सांग रे. तू तरी माझं वाचतोस. याच विषयावर मी लेख टाकला होता. वाचलास ना?”

“वाचला की.”

“दोन्ही भाग?”

“दोन्ही. दुसरा जास्त पटला.”

संपादक त्याच्याकडे बघत राहिले. सभेला न जाताच सभेची बातमी लिहून आणणारे बातमीदार त्यांनी जन्मभर असेच पकडले होते. ‘अध्यक्षांचं भाषण कसं झालं?’ असं सहज विचारायचं. बातमीदार म्हणायचा, फर्मास. आणि अध्यक्ष आलेलेच नसायचे. जुन्या सवयीनं प्रश्न तोंडातून निघून गेला होता, पोराला पकडायचं त्यांच्या मनातसुद्धा नव्हतं.

“दुसरा भाग मी अजून लिहिलेला नाही,” ते म्हणाले.

मामांनी क्रीम संपलेली बशी पुन्हा हातात घेतली.

“मीच दाखवलं होतं त्याला कसं करायचं ते,” सूनबाई शेवटी म्हणाली. ती खोटं फार वेळ ऐकून घेऊ शकत नसे, निदान घरी. “म्यूट म्हणतात त्याला. तुम्ही लिहिता ते आम्हाला दिसत नाही. तुम्हाला ते कळत नाही. कुणी दुखावत नाही.”

“केव्हापासून?”

“बाबा, जाऊ द्या ना.”

“केव्हापासून, विचारतोय मी.”

“आई असल्यापासून,” थोरला खाली बघत म्हणाला.

संपादकांनी मामांकडे पाहिलं. मामांनी अपराध्यासारखा खिशातून फोन काढला आणि घरच्या ग्रुपवरची ती घंटा दाखवली, जिच्यावर तिरकी रेघ होती. “मला वाटायचं, सगळ्यांच्याच फोनवर अशी असते,” ते पुटपुटले.

रोज सकाळी ते ग्रुपवर एक शब्द टाकत. त्याचा अर्थ, त्याचं मूळ, लोक तो कसा चुकीचा लिहितात. त्यासाठी ते लवकर उठत, दोन-दोन कोश उघडत. कुणी काही बोललं नाही की त्यांना वाटे, आज शब्द अवघड होता, उद्या सोपा घेऊ.

“म्हणजे मी एवढे दिवस,” ते म्हणाले, “कुणाशी बोलत होतो?”

“माझ्याशी.”

धाकटी खिडकीपासून वळली होती. “मी वाचत होते. रोजचा शब्द, सगळ्यांच्या खाली लिहिलेलं, सगळं. म्हणून तर ब्लॉक करावं लागलं. ज्याचं आपण वाचतच नाही, त्याला ब्लॉक कोण करतं?”

“मग कधी उत्तर का दिलं नाहीस?”

“चूक काढली की माणूस काय उत्तर देणार, बाबा? चूक झाली म्हणणार. मी लहानपणापासून तेच म्हणत आलेय.” मग ती भावाकडे वळली. “आणि तू, दादा! तू मला फोन करून सांगत होतास, बाबांना असं तोडू नये. मी निदान आवाज करून दार लावलं. तू दार उघडं ठेवलंस आणि मागच्या मागे निघून गेलास.”

“मी वाद टाळला.”

“तू बाबांना टाळलंस.”

थोरला तसा शांत माणूस. पण शांत माणसाचा तोल जातो तेव्हा तो साठवलेलं बाहेर काढतो. “मी टाळलं?” तो म्हणाला. “आईच्या आजारपणात इथं कोण होतं? दवाखाना, औषधं, रक्ताच्या बाटल्या, सगळं कुणी बघितलं? तू तेव्हा कुठे होतीस?”

“अरे!” सूनबाई म्हणाली, पण शब्द सुटून गेला होता.

हाच प्रश्न धाकटी स्वतःला रोज विचारत होती, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं.

“ती गाडीत होती!”

संपादक ओरडले. या घरात त्यांचं ओरडणं कुणी ऐकलं नव्हतं. ते चिडले की उलट हळू बोलत. ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते. “कळल्याबरोबर निघाली होती पोर. गाडीत होती. आणि तुझ्या आईला ते माहीत होतं.”

“काय?” धाकटी म्हणाली.

मग सूनबाईला एकदम आठवलं की घरात चहापत्ती नाही. ती आणायला तिला नवरा बरोबर लागणार होता, आणि मामाही. चहापत्तीच्या एका पुड्यासाठी तीन माणसं जिना उतरून गेली. डबा ओट्यावर भरलेला होता. बाई वकील होती, तिला कुठे थांबायचं ते कळत होतं.

दार लागलं. धाकटी बापासमोरच्या खुर्चीत बसली.

“दादा म्हणाला होता, आई झोपेतच गेली.”

“थोरला तेव्हा अंघोळीला घरी गेला होता. त्याला मीच तसं सांगितलं. सगळ्यांना तेच सांगितलं. सुटसुटीत होतं.”

“म्हणजे ती जागी होती?”

“होती. विचारत होती, धाकटी निघाली का. मी म्हटलं, निघाली, गाडीत आहे.” संपादक थांबले. “मग ती बोलली काहीतरी. तुझ्यासाठी होतं. निरोप होता तो.”

“आणि तुम्ही मला सांगितला नाहीत?”

“तू आलीस तेव्हा सगळं संपलं होतं गं. जिन्यावरून धावत आलीस, एक चप्पल पायात आणि एक हातात. तुझ्याकडे बघवत नव्हतं. त्या वेळी तो निरोप सांगितला असता तर सुरीसारखा लागला असता तुला. म्हटलं, हे वाक्य नको. तेवढं गाळलं.”

“गाळलं,” धाकटी म्हणाली. तिनं तो शब्द बापाच्याच धंद्यातून उचलल्यासारखा उच्चारला.

“हो. आणि एकदा गाळलेलं पुन्हा कुठे घालायचं ते सुचत नाही. फोन लावला की तू विचारायचीस गोळ्या घेतल्या का, मी म्हणायचो घेतल्या. त्याच्यापुढे आपली गाडी जायचीच नाही. मग वर्ष झालं, आणि तू ते लिहिलंस, की मी तिथे नव्हते म्हणून. वाचलं आणि म्हटलं, इथं जागा आहे. आता हे वाक्य इथं बसेल. लगेच लिहायला घेतलं.”

“तुम्ही काय लिहिलंत ते मला माहीत आहे, बाबा.”

“ते नाही. ते आधीचं.” संपादक हातांकडे बघत बोलत होते. “आमच्याकडे कामाची रीत होती. आधी शुद्धलेखन उरकून घ्यायचं, मग मजकुराला हात घालायचा. तो शब्द डोळ्यांपुढून हलेना. तुझी आईसुद्धा जन्मभर ‘न्हवते’च लिहायची, मला वाटलं, तिनंच लिहिलंय. म्हटलं, एवढं करून टाकू, मग निवांत लिहू. मी एका बोटानं लिहितो. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. बाहेर अंधार पडला. झालं एकदाचं मनासारखं, पाठवायला गेलो, तर तू नव्हतीस.”

धाकटी हसायला गेली. ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संपादकांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटत होता. पण मध्ये टीपॉय होता, केकचा खोका होता, आणि सवय नव्हती.

“म्हणजे मीच ते अडवलं,” ती शेवटी म्हणाली.

“तू नंतर. आधी मी.” त्यांनी नाक ओढलं. “मघाशी त्या पोरांसमोर फार बडबडलो. निकाल काय लावायचा तो तू लाव. पण मला इथं करमत नाही गं. तुझं ते मांजर बरं आहे का, एवढंसुद्धा मला कळत नाही.”

“बरं आहे. जाड झालंय.”

“हं.”

“काय म्हणाली आई?”

संपादकांनी पाठ ताठ केली. ते वाक्य त्यांनी इतक्यांदा मनात लिहिलं होतं की ते पार छापील होऊन बसलं होतं, स्वल्पविरामांसकट. “ती म्हणाली, ‘तिला सांगावे, घाई करू नये, सावकाश यावे...’”

“असं नाही,” धाकटी म्हणाली. “असं वाचून नका दाखवू. आई असं बोलायची का? ती म्हणाली तसं सांगा.”

संपादकांना बायकोचं अक्षर डोळे मिटून काढून दाखवता आलं असतं, तिच्या सगळ्या चुकांसकट. आवाज मात्र त्यांनी कधी नीट ऐकला होता की नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि ते घाबरले. त्यांनी डोळे मिटले. पलंग आठवला, लोखंडी कठडा आठवला, तिनं मनगटाला धरलेलं आठवलं. ती शब्दांची शेवटं खात असे. वाक्य संपता संपता तिचा स्वर वर जात असे, दारातून कुणाला हाक मारावी तसा.

धाकटी पुढे वाकून त्यांच्या ओठांकडे बघत होती.

“घाई नको करू म्हणा तिला,” संपादक म्हणाले, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. “म्हणावं, ये सावकाश. मी आहे.”